खुर्चीतून हात न टेकता उठता यावं म्हणून: उतारवयात झडणारे स्नायू आणि बारा आठवड्यांचा घरचा कार्यक्रम

आई सोफ्यावरून कशी उठते ते एकदा नीट बघा. आधी कडेपर्यंत सरकते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवते, एक-दोन हेलकावे घेते आणि मग उठते. घरातल्यांना वाटतं, गुडघे दुखत असतील. पुष्कळदा प्रश्न गुडघ्यांचा नसतो, मांड्यांचा असतो. अंग वर उचलायला लागणारा जोर मांडीत उरलेला नसतो, म्हणून हातांची मदत घ्यावी लागते. बांगड्या कोपराकडे घसरू लागणं, घड्याळाचा पट्टा एक भोक आत जाणं, कुकरचं झाकण लावायला कुणाला तरी हाक मारणं, एसटीच्या पायरीशी घुटमळणं ही त्याच गोष्टीची बाकीची चिन्हं.

याला सार्कोपेनिया म्हणतात. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक भाषेतले 'मांस' आणि 'तूट' हे दोन शब्द जोडून हे नाव सुचवलं. अमेरिकेत आजारांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ साल उजाडलं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. त्यातही चपळ तंतू आधी जातात. पाय अडखळला की दुसरा पाय झटकन पुढे टाकायचं काम याच तंतूंचं असतं. म्हणून स्नायू झडलेला माणूस ठेच लागली की सावरत नाही, पडतो.

पण या वयातही स्नायू परत कमावता येतात. १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं देऊन मांड्यांचा व्यायाम करवून घेतला. तो पुरा करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तेव्हा 'आता या वयात काय होणार' हे वाक्य घरात कुणी म्हटलं, तर ते ऐकून सोडून द्या.

पुढचा कार्यक्रम साठीपुढच्या आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी आहे. चालता येतं, पण उठबस जड झाली आहे, अशा माणसाला तो लागू पडतो.

## आधी जमवायच्या वस्तू

- खुर्ची: चाकं नसलेली, पाठ सरळ असलेली, बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटिमीटर उंच. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागे सरकते. कुठलीही खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवायची.
- शिंप्याची मोजपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, वजनकाटा.
- वजनं: अर्ध्या आणि एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. घोट्याला बांधायला जुन्या पायमोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून गाठ मारली तरी काम भागतं.
- रबरी पट्टा, म्हणजे थेराबँड. सर्जिकलच्या दुकानात मिळतो. सुरुवात सगळ्यात सैल पट्ट्यापासून करा.
- मागून बंद असलेले बूट किंवा सँडल. गुळगुळीत फरशीवर सपाता आणि पायमोजे दोन्ही घातक.
- एक वही. ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. का, ते पुढे येईल.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची घ्यायची असेल आणि परिस्थिती बेताची असेल, तर महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर ३,००० रुपये एकदाच थेट बँक खात्यात जमा होतात. आधार कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र तयार ठेवून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

## १. सुरू करण्याआधी: इथे थांबायचं

पुढचं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

- कारण नसताना सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं (६० किलोच्या माणसाचं ३ किलो). यामागे क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग असं काहीही असू शकतं. ते वयावर ढकलू नका.
- एकाच बाजूचा हात किंवा पाय अशक्त झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. हे स्नायू झडणं नव्हे. हा पक्षाघात असू शकतो. तासाभराचाही उशीर नको, थेट रुग्णालय.
- चालताना छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, १८०/११० च्या पुढचा रक्तदाब.
- नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हर्निया, मोतीबिंदूनंतरचे पहिले काही आठवडे. खुबा बदललेल्यांनी किती वाकायचं ते सर्जनला विचारल्याशिवाय बुटक्या आसनावर बसायचं नाही.

## २. मोजमाप: चार आकडे वहीत लिहा

रुग्णालयातलं यंत्र नंतर. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये आपल्याकडच्या बांध्यांना साजेसे निकष ठरवले. त्यातले बरेचसे घरी तपासता येतात.

पाच प्रश्न. प्रत्येकाला 'अजिबात त्रास नाही' असेल तर ०, 'थोडा त्रास' असेल तर १, 'फार त्रास किंवा जमतच नाही' असेल तर २ गुण.

1. साडेचार किलोची पिशवी (बाजारातून आणलेली भाजीची भरली पिशवी समजा) उचलून नेणं
2. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणं
3. खुर्चीतून किंवा पलंगावरून उठणं
4. दहा पायऱ्या चढणं
5. वर्षभरात पडणं: एकदाही नाही ०, एक ते तीन वेळा १, चार किंवा जास्त वेळा २

बेरीज ४ किंवा जास्त आली तर पुढचं मोजमाप गांभीर्याने करा. एक सावधगिरी: हे प्रश्न त्या माणसाला एकट्याला विचारू नका. 'मला काही होत नाही' म्हणणारे वडील दहा पायऱ्यांत दोनदा कठडा धरून थांबतात, हे घरातल्यांनाच माहीत असतं. प्रत्यक्ष बघून गुण द्या.

पोटरीचा घेर. खुर्चीत बसवून पाय जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती पट्टी टेकेल इतपतच गुंडाळा, आवळू नका. दोन्ही पाय मोजून मोठा आकडा धरा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता आहे. पायावर सूज असेल तर पट्टी फसवते. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा. खळगा राहिला तर या आकड्यावर विसंबू नका, सुजेचं कारण आधी शोधा.

पाच वेळा उठबस. हात छातीवर दुमडून जमेल तितक्या भरभर पाच वेळा उठायचं आणि बसायचं. पाचव्यांदा पूर्ण उभं राहिलं की घड्याळ थांबवा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची कार्यक्षमता कमी आहे. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर तसंच लिहा. कसंतरी उठवून सेकंद मोजू नका.

सहा मीटर चाल. सोसायटीचा पॅसेज, गच्ची किंवा अंगणात खडूने सहा मीटरच्या दोन रेघा मारा. पहिल्या रेघेच्या थोडं आधीपासून चालायला लावा आणि दुसरी ओलांडून पुढे जाऊ द्या, नाहीतर सुरुवातीचे आणि थांबतानाचे सेकंद मोजले जातात. नेहमीच्या चालीने सहा सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद धरायची.

हाताच्या पकडीचं मोजमाप डायनॅमोमीटरने होतं. पुरुषांत २८ किलोच्या आणि स्त्रियांत १८ किलोच्या आत आलं तर पकड कमी समजतात. बऱ्याच फिजिओथेरपी केंद्रांत हे उपकरण असतं, मिनिटभरात मोजून होतं.

वजनाचा सापळा. 'वजन तर तेवढंच आहे' या समाधानात पुष्कळ घरं वर्षानुवर्षं राहतात. स्नायू गेले आणि त्या जागी चरबी आली तर काटा हलत नाही. पोट पुढे, हातपाय काटकुळे, वजन जैसे थे: ही स्थिती जास्त धोक्याची, कारण कमी झालेल्या स्नायूंना तेवढंच ओझं वाहावं लागतं. अशा माणसाला उपाशी ठेवून वजन उतरवायला लावलं तर उरलेसुरले स्नायूही चरबीबरोबर जातात.

## ३. डॉक्टरकडे जाताना

वहीतले आकडे, जुने रिपोर्ट आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे काढे, चूर्णं आणि पुड्यासुद्धा. सांधेदुखीवर रामबाण म्हणून मिळणाऱ्या, कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवसांत दुखणं पळतं, पण महिनोन्‌महिने घेतलं की मांड्या आणि खुब्याभोवतीचे स्नायूच वितळू लागतात. माणूस जमिनीवरून उठेनासा होतो आणि घरचे आणखी पुड्या आणतात. अशी पुडी चालू असेल तर लपवू नका. एकदम बंदही करू नका. दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावं लागतं.

साधारण लागणाऱ्या तपासण्या: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेलं ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी१२. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षं चालू असेल किंवा घर शाकाहारी असेल तर बी१२ जरूर बघा. ते कमी झालं की पायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि त्याचंही खापर वयावर फुटतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी स्नायू दुखत असतील तर सांगा, पण मनाने बंद करू नका.

दोन ठिकाणी पैसे वाया जातात. पहिलं, डेक्सा, म्हणजे हाडं आणि शरीराची रचना मोजणारी एक्स-रे तपासणी. नुसतं 'डेक्सा' म्हटलं तर हाडांची घनता मोजून मिळते. स्नायूंसाठी पूर्ण शरीराची रचना मोजणारी डेक्सा लागते, ती चिठ्ठीवर तशी लिहून घ्या. घरचा कार्यक्रम सुरू करायला मात्र तिची गरज नाही. दुसरं, पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले, स्नायूंचा टक्का दाखवणारे काटे. ते अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात, त्यामुळे सूज, जुलाब, उन्हाळा यांनी आकडा इकडचा तिकडे होतो. पेसमेकर असलेल्यांनी तर ते वापरूच नयेत.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची गोळी साधारण आठ आठवड्यांसाठी देतात. ती वर्षभर चालूच ठेवलेली घरं आहेत. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, गोंधळलेपण, मुतखडा असे त्रास होऊ शकतात. कोर्स संपला की पुढे काय, ते विचारा.

## ४. व्यायाम: आठवड्यातून तीन दिवस

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे एकाआड एक दिवस. स्नायू वाढतो तो मधल्या विश्रांतीत. नाश्त्यानंतर तासाभराने ही वेळ बहुतेकांना मानवते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी कधीच नाही, आणि साखर किंवा गूळ हाताशी ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सकाळची फेरी, प्राणायाम, हास्यक्लब हे सगळं चांगलं आहे, चालू ठेवा. हृदयाला, मनाला, झोपेला त्याचा उपयोग होतो. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीवर जेवढा भार येतो तेवढ्याची तिला आधीच सवय असते. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही बुटक्या स्टुलावरून उठता येत नाही, हे यामुळेच. स्नायूला सवयीपेक्षा जास्त भार मिळाला तरच तो वाढतो.

उठबस. सगळ्या कार्यक्रमाचा कणा हाच, म्हणून सविस्तर.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या थोडी मागे ओढा. आता नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुका, टाचा जमिनीत रोवा आणि श्वास सोडत उठा. पूर्ण ताठ व्हा. बसताना मनात एक-दोन-तीन मोजत हळू खाली या.

बहुतेकांचं चुकतं ते पावलांत. पावलं पुढे राहिली की शरीराचा भार मागे राहतो आणि कितीही जोर लावला तरी उठता येत नाही. मग माणूस झोका घेतो. आईला फक्त पावलं मागे घ्यायला सांगा. पहिल्याच दिवशी उठणं सोपं झालेलं तिला जाणवेल.

दुसरी चूक बसण्यात. शेवटच्या वीतभर अंतरात अंग सोडून धप्पकन बसतात. खाली येताना भार तोलून धरणं हा निम्मा व्यायाम असतो, तो तिथेच वाया जातो. शिवाय हाडं ठिसूळ असतील तर त्या दणक्याने मणका चेपू शकतो.

गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर मांड्यांभोवती थेराबँड सैलसर बांधा आणि उठताना तो बाहेर ताणायला सांगा. श्वास रोखून कुंथत उठणं टाळा, रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो.

भार असा वाढवत न्यायचा:

- बैठकीवर घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा, दोन्ही हातांचा आधार
- तीच उंची, एका हाताचा आधार
- सतरंजी काढा, हात छातीवर दुमडलेले
- तेच, पण बसताना पाच आकडे मोजत
- छातीशी एक लिटरची बाटली, मग दोन, मग पाच किलोची पिठाची पिशवी

प्रत्येक टप्प्यावर ८ ते १२ वेळा, असे दोन फेरे, मध्ये दोन मिनिटं बसायचं. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. सलग दोन दिवस दोन्ही फेऱ्यांत १२ सहज झाले की पुढचा टप्पा. वही यासाठीच. लिहून ठेवलं नाही तर माणूस दहा महिने तेच दहा वेळा, त्याच खुर्चीवर करत राहतो आणि मग म्हणतो, व्यायामाने काही फरक पडत नाही.

गुडघे झिजलेले असतील तर टप्पा सोडू नका, उंची वाढवा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत होत असेल तर चालतं. गुडघा सुजला किंवा रात्री ठणकला तर एक टप्पा खाली या.

बाकीचे व्यायाम लवकर समजतात. तेही ८ ते १२ वेळा, दोन फेरे.

- टाचा उचलणं: स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटं टेकवून दोन्ही टाचा वर, दोन सेकंद थांबा, सावकाश खाली. जमलं की एका पायावर.
- पायरी चढणं: जिन्याची सगळ्यात खालची पायरी, कठडा धरून. एक पाय वर ठेवून त्याच पायाच्या जोरावर चढायचं. खालच्या पायाने उडी मारून वर येऊ नका.
- पाय बाजूला नेणं: ओटा धरून एक पाय बाजूला वीतभर. अंग उलट्या दिशेला झुकवायचं नाही. पुढे तांदळाची पुरचुंडी घोट्याला बांधा. चालताना डुलणाऱ्यांना याचा विशेष फायदा होतो.
- भिंतीला दंड: हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीला, छाती भिंतीकडे न्या आणि ढकला. सोपं झालं की पावलं आणखी मागे.
- पट्टा ओढणं: थेराबँड खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून कोपरं अंगालगत मागे ओढा. पाठ वाकलेल्यांनी हा चुकवू नये. पट्ट्याला चीर गेली असेल तर फेकून द्या, तुटला की डोळ्यावर बसतो.
- पिशव्या वाहणं: दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन खोलीत तीस पावलं. पकड आणि तोल दोन्हीला उपयोगी.

तोलासाठी रोज, ओट्यापाशी: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत दहा सेकंद, मग पाय बदलून. कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहा.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं स्वाभाविक आहे, दोन दिवसांत उतरतं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवते, पण पोटरीचा घेर तसाच असतो. तेव्हा मेंदू आणि नसा असलेले स्नायू नीट वापरायला शिकत असतात. स्नायू भरायला आठ ते बारा आठवडे लागतात. पट्टी बघून तिसऱ्या आठवड्यात निराश होऊ नका.

जमिनीवर बसायची सवय टिकून असेल तर ती मोडू नका. मांडी घालून जेवायला बसणं आणि उठणं हा दिवसातून दोन वेळा होणारा चांगला व्यायाम आहे. उठताना शेजारी जड स्टूल ठेवा. गुडघा बदललेल्यांना मात्र हे लागू नाही.

## ५. जेवण: प्रथिनं मोजून

व्यायाम केला आणि ताटात प्रथिनं नसली तर गवंडी आला आणि विटाच नाहीत अशी गत होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. म्हातारपणी तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी दाद देतात, म्हणून वृद्धांसाठी तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर इथेच थांबा. विशेषतः ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत. म्हणून क्रिएटिनिन आधी.

आता आपल्याकडच्या आजींचा नेहमीचा दिवस मोजू. दोन वेळचा चहा-बिस्किटं ५ ग्रॅम, बशीभर पोहे ४, दुपारी दोन पोळ्या ६, भात ४, पातळ वरण ३, भाजी २. रात्री एक पोळी ३, भाजी २, अर्धा पेला दूध ३. बेरीज ३२. पोट भरलेलं, कुणालाही वाटेल जेवण व्यवस्थित आहे, आणि प्रथिनं गरजेच्या निम्मी. सगळ्यात फसवं ते वरण. वाटीभर पिवळं पाणी म्हणजे डाळ नव्हे. वाटीत कोरडी डाळ ३० ग्रॅम पडली तरच ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

स्वयंपाकघरात टांगून ठेवायची यादी, सगळे आकडे अंदाजे:

- कोरडी डाळ किंवा मटकी, मूग, चवळी, कुळीथ ४० ग्रॅम: ९
- पिठल्याला ४० ग्रॅम बेसन: ८
- फुटाणे ३० ग्रॅम: ६
- शेंगदाणे ३० ग्रॅम: ७
- सोयाबीन वड्या कोरड्या २५ ग्रॅम: १३
- दूध २०० मिलिलिटर: ६
- दही १०० ग्रॅम: ३
- पनीर ५० ग्रॅम: ९
- एक अंडं: ६
- मासळी किंवा चिकन, कच्चं १०० ग्रॅम: २०
- ज्वारीची एक भाकरी: ६
- एक पोळी: ३

याच घरातला बदललेला दिवस: सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, वाटीभर दही, पेलाभर दूध (२१). दुपारी दोन पोळ्या, घट्ट उसळ, थोडा भात, दीड वाटी दही (२२). संध्याकाळी फुटाणे (६). रात्री भाकरी, पिठलं आणि दूध (२०). झाले ६९. पावडरचा डबा लागला नाही.

प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून द्या, दर वेळी किमान २० ते २५ ग्रॅम. सगळी दुपारी ढकलून रात्री मऊ भातावर भागवलं तर रात्रभर स्नायूंच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

दात नसतील तर: घट्ट वरण, पिठलं, कुळथाची पिठी, तांदळाइतकीच डाळ घातलेली खिचडी, अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पनीर, काटे काढलेली मासळी. फुटाण्यांचं पीठ करून ताकात कालवा. कवळी सैल झाल्यामुळे आईने उसळी सोडल्या असतील, तर दंतवैद्याची फेरी हाच आहारातला पहिला बदल.

पोट फुगतं ही तक्रार खरी असते. डाळ एकदम दुप्पट करू नका, आठवड्याला एक जिन्नस वाढवा. भिजवून मोड आणा, पाणी बदलून शिजवा, हिंग घाला.

उपवास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. खिचडीत जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटाचं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार मिळून महिन्यात पाच-सहा दिवस असे गेले तर फरक पडतो. उपवास मोडायला सांगून वाद घालू नका. राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, पनीर, दाण्याची आमटी हे सगळं उपवासाला चालतं.

वृद्धांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी घ्यायच्याच तर डब्यामागचा तक्ता वाचा. एका वेळच्या मापात प्रथिनं किती आणि साखर किती, हे दोनच आकडे बघा. काहींत माल्ट आणि साखरच जास्त असते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दूध, सोया आणि कॅल्शियम यांपासून ती दूर, पहाटे उपाशीपोटी घ्या.

## ६. अंथरूण धरावं लागलं तर

इतर वेळी वर्षांत जे जातं ते इथे दिवसांत जातं. २००७ मध्ये निरोगी वृद्धांना दहा दिवस फक्त अंथरुणात ठेवून केलेल्या अभ्यासात पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाले. आजार नसताना. डेंगी, चिकुनगुन्या, न्यूमोनिया किंवा फ्रॅक्चर असेल तर नुकसान त्याहून जास्त.

म्हणून 'पूर्ण आराम' असं सांगितलं तर लगेच विचारा: बसवलं तर चालेल का? उभं केलं तर? बहुतेकदा परवानगी असते, विचारलेलं नसतं. मग जेवण खुर्चीत, संडासाला आधाराने चालत. अंथरुणातही दर जागत्या तासाला पावलं वरखाली वीस वेळा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबायची, दहा वेळा. जमत असेल तर गुडघे दुमडून कंबर उचलायची. पोटरी एका बाजूने सुजली, दुखली, गरम लागली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर. रक्ताची गुठळी असू शकते.

या दिवसांत भूक नसते. दर दोन तासांनी अर्धा पेला दूध, ताकात कालवलेलं फुटाण्याचं पीठ, डाळीचं पाणी नव्हे तर घट्ट डाळच, असं थोडं थोडं द्या.

बरं वाटल्यावर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. दोन टप्पे मागे जा आणि एकच फेरा करा. बंद राहिलेल्या प्रत्येक आठवड्यासाठी भरून काढायला दोन ते तीन आठवडे धरा.

## ७. दर चार आठवड्यांनी

त्याच खुर्चीवर, त्याच वेळी, तेच बूट किंवा सँडल घालून तीन मोजमापं घ्या: पाच उठबशींचे सेकंद, सहा मीटरचे सेकंद, पोटरीचा घेर. वजनही लिहा.

सेकंद कमी होत असतील तर कार्यक्रम बरोबर चालला आहे, घेर हलला नसला तरी. आठ आठवड्यांत सेकंद मुळीच कमी झाले नाहीत, तर वहीत तीन गोष्टी शोधा. भार वाढवला होता का? आठवड्यात खरोखर तीन दिवस झाले का? रात्रीच्या जेवणात प्रथिनं होती का? तिन्ही ठीक असूनही फरक नसेल किंवा वजन उतरत असेल, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे जा.

बारा आठवड्यांनंतर कमावलेली ताकद राखायला आठवड्यातून दोन दिवस पुरतात, फक्त भार उतरवायचा नाही. पाच किलोची पिशवी छातीशी धरून उठता येऊ लागलं असेल, तर पिशवी तीच ठेवा.